मामांची ट्रंक आणि नऊ इंची कॉलम

ताई, सप्रेम नमस्कार.
मी 24 वर्षांचा आहे. सिव्हिल केलं आणि गेल्या वर्षापासून पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे ज्युनियर म्हणून लागलो. माझे मामा बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. ते गेल्यावर मामींनी त्यांची पुस्तकांची ट्रंक मला दिली. आत 456 ची (काँक्रीट डिझाइनच्या भारतीय कोडची) 1978 ची प्रत, एसपी 16 (डिझाइनचे तक्ते), एसपी 34 (सळया कशा बांधायच्या त्याची पुस्तिका), टिमोशेंकोचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, स्टीलची आणि आरसीसीची जुनी पुस्तकं, 1994 चा डीएसआर (खात्याची दरसूची) आणि त्यांच्या हातची एक वही आहे. खोलीत आम्ही चौघं, ट्रंक कॉटखाली मावत नाही. शिवाय मित्राने 11 जीबी पीडीएफ दिल्यात. नव्या पुस्तकांसाठी पाच हजार बाजूला काढलेत. काय ठेवू, काय रद्दीत घालू, काय घेऊ?
दुसरं म्हणजे, गुहागरला समुद्राजवळ आमचं तळमजला अधिक एक असं घर बांधायचंय. बाबा म्हणतात डिझाइन तूच कर. गवंडी नऊ इंची कॉलम म्हणतो, मामांच्या पुस्तकातल्या उदाहरणातही 230 मिलिमीटरचाच, म्हणजे नऊ इंचीच आहे. आमच्या ऑफिसात मात्र 300 च्या खाली जात नाहीत. खरं कोण?
आणि एक, लाज वाटते म्हणून शेवटी. परवा टेबलावर कोड उघडला तर शेजारचा म्हणाला, 'अजून बघून करतोस?' सगळे हसले. हे सगळं पाठ असायला हवं का?
— ट्रंकवाला, कर्वेनगर

ट्रंकवाल्या,

रद्दीवाल्याला रविवारी बोलावलं असशील तर आधी त्याला नको म्हणून सांग. ट्रंकेतलं निम्मं तुला नोकरीभर पुरेल. उरलेल्या निम्म्यातलं काही मात्र अंगाशी येणारं आहे, आणि तुझा नऊ इंची कॉलम त्यातच मोडतो.

एकेक पुस्तक हातात घे आणि त्यात एकच गोष्ट शोध: हे कुठल्या सालच्या कोडवर उभं आहे? छापल्याच्या सालावर जाऊ नकोस. आपल्याकडे चालणारं पुस्तक वर्षानुवर्षं पुन्हा छापलं जातं, आणि कव्हर नवं, आतली गणितं जुनी, असं सर्रास असतं. प्रस्तावनेत कोडचं साल लिहिलेलं असतं. नसेल तर सरळ मध्ये कुठेही उघड आणि सोडवलेलं उदाहरण बघ. स्लॅबला कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) 15 मिलिमीटर धरलं असेल तर संशय घे. आरसीसीची स्लॅब एम 15 ग्रेडच्या काँक्रीटमध्ये केली असेल तर मग संशयही नको, ते 1978 च्या कोडचं पुस्तक आहे. 2000 च्या 456 ने आरसीसीला एम 20 च्या खाली उतरायला मनाई केली. आणखी एक खूण म्हणजे कव्हरावर भारतीय मानक ब्यूरोच्या जागी 'इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन' असं नाव असेल तर ती प्रत 1987 च्या आधीची. त्या वर्षी ब्यूरो आला.

आता हा फरक किती महागात पडतो ते तुझ्याच घरावर बघू, म्हणजे मी उगाच सालं उगाळत बसले नाही हे पटेल.

मामांच्या 1978 च्या प्रतीत कव्हर ठरतं ते कशावरून? स्लॅब आहे, बीम आहे की कॉलम, यावरून. स्लॅबला 15, बीमला 25, कॉलमला 40. घर सोलापुरात आहे की वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर, याचा विचार त्यात तोंडी लावण्यापुरता. 2000 च्या प्रतीत तक्ता 3 उघड. तिथे हवामानाचे पाच प्रकार केलेत. किनारपट्टीत काँक्रीट खाऱ्या हवेपासून आडोशाला असेल तर 'मॉडरेट', उघडं पडलं असेल तर 'सिव्हिअर', समुद्राचे तुषारच अंगावर येत असतील तर त्याच्याही वर. तुझं घर 'समुद्राजवळ' म्हणजे नेमकं किती जवळ ते तू लिहिलं नाहीस, पण मी असते तर गच्ची, चज्जे, बाहेरचे कॉलम डोळे मिटून सिव्हिअरमध्ये टाकले असते. मग तक्ता 5 म्हणतो: किमान एम 30, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर नाही, सिमेंट घनमीटरला 320 किलोपेक्षा कमी नाही. आणि तक्ता 16 म्हणतो कव्हर 45. म्हणजे त्याच स्लॅबला एका पुस्तकात 15 आणि दुसऱ्यात 45. दोन्ही पुस्तकं तुझ्या एकाच ट्रंकेत शेजारी शेजारी बसू शकतात, आणि रात्री साडेअकराला झोपेत तुझा हात कुठल्याही पुस्तकाकडे जाऊ शकतो.

गुहागरला गेलास की बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या बाल्कनीखाली उभा राहा आणि वर बघ. तांबूस रेघा दिसतील, ठरावीक अंतरावर, फूटपट्टीने आखल्यासारख्या. ते आतलं स्टील आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी रेघ, मग चीर, मग एका पावसाळ्यात पोपडा खाली. मालक वरून गिलावा मारतो, तोही दोन वर्षांत त्याच रेघांनी फुटतो. हे आणखी लवकर घडवायचं असेल तर खाडीची वाळू वापरायची. गवंडी 'धुऊन घेऊ' म्हणेल. तक्ता 7 मध्ये आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा दिली आहे, घनमीटरला 0.6 किलो, आणि साइटवर धुतलेल्या वाळूत ते मोजणार कोण? खाडीची वाळू नकोच म्हण.

मग मामांची 1978 ची प्रत फेकायची का? मी ठेवते माझी. पण तिच्या कव्हरवर लाल मार्करने 'फक्त जुन्या इमारतींसाठी' असं ठळक लिहिलंय. कधी ना कधी तुझ्याकडे 1985 च्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट येईल, तेव्हा ती इमारत ज्या नियमाने बांधली तो नियम हाताशी हवा. डिझाइनच्या टेबलावर मात्र ती येता कामा नये.

एसपी 16 बद्दल ज्युनियर मुलं मला नेहमी विचारतात, कारण त्यावर 1980 साल आहे आणि ते 1978 च्या कोडवर बेतलेलं आहे. ते ठेव, वापर. कारण वाकणाऱ्या छेदाचं गणित 1978 ते 2000 बदललं नाही. ताणाचा ब्लॉक तोच, 0.36, तरफ तीच, 0.42. एम 20 काँक्रीट आणि एफई 415 ग्रेडच्या स्टीलची मर्यादा 2.76 तेव्हाही होती, आजही आहे. कॉलमचे चार्ट तर काँक्रीटच्या ग्रेडने भागून काढलेत, त्यामुळे एम 30 ला पण चालतात. त्यातलं जुनं झालं ते एवढंच की बीमचे तक्ते एम 15 पासून सुरू होऊन एम 30 ला संपतात, आणि एम 15 चं पान आता तुझ्या उपयोगाचं नाही. त्या पानाला स्टेपल मारून टाक. मी मारलंय.

मामांनी मागच्या पानावर 'लॅप 47 डी' (दोन बार एकमेकांवर चढवायची लांबी, बारच्या व्यासाच्या 47 पट) लिहिलंय म्हणालास (पत्राच्या समासात, बारीक अक्षरात, मी वाचलं ते). तो आकडा बरोबर आहे. एम 20 काँक्रीट आणि एफई 415 स्टीलला डेव्हलपमेंट लेंग्थ (काँक्रीटने बार घट्ट धरायला लागणारी लांबी) 47 पट येते. पण आज दुकानात तुला 415 सहसा मिळणार नाही, 500 किंवा 550 मिळेल. एफई 500 ला एम 20 मध्ये तीच लांबी 57 पट होते, एम 30 मध्ये 45. मामांनी त्यांच्या स्टीलसाठी योग्य तेच लिहिलं होतं. तू ते तुझ्या स्टीलवर चिकटवू नकोस. हे गणित स्वतः एकदा कर, चार ओळींचं आहे, कलम 26.2.1.

एसपी 34 म्हणजे सोनं आहे. 1987 चं. जिन्याच्या वाकणात बार कसा न्यायचा, फुटिंगची जाळी, रिटेनिंग वॉलचा कोपरा, टाकीचा सांधा, हे सगळं चित्रांत. जिन्याच्या उलट्या कोपऱ्यात बार तसाच वळवला तर ताणाखाली तो सरळ व्हायला बघतो आणि कव्हर उडवतो, हे चार पानं वाचून जे कळत नाही ते तिथल्या एका रेखाचित्रात कळतं. फक्त भूकंपाचं प्रकरण सोडून दे, त्याची जागा आता 13920 ने (भूकंपासाठी आरसीसीतल्या सळयांच्या मांडणीच्या कोडने) घेतली आहे.

टिमोशेंको कॉटखाली नको, उशाशी ठेव. 1930 मध्ये बीम जसा वाकत होता तसाच आजही वाकतो.

स्टीलचं पुस्तक मात्र जवळजवळ नक्की जाणार. स्टीलचा कोड म्हणजे 800. 1984 चा 800 परवानगीच्या ताणांवर चालायचा, 2007 चा लिमिट स्टेटवर. मधली मांडणीच बदलली. त्यात रिव्हेटवर लांबलचक प्रकरण असेल, आवडीने वाच आणि दे कोणाला तरी. डीएसआर 1994 चा, तो खुशाल रद्दीत. (त्यातले सिमेंटच्या पोत्याचे भाव मात्र बाबांना दाखव. संध्याकाळ मजेत जाईल.)

आता कॉलम. इथे जरा थांबू, कारण गवंडी, मामांचं पुस्तक आणि तुझं ऑफिस, तिघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

आधी ओझ्याचा हिशेब. तुझ्या घराच्या मधल्या कॉलमवर समज 12 चौरस मीटर स्लॅब येते. भिंतींसकट दर मजल्याला चौरस मीटरमागे 12 किलोन्यूटन धर, ढोबळ. दोन स्लॅबचे 288, सुरक्षेसाठी दीडपट केले की 432 किलोन्यूटन. 230 बाय 300 चा कॉलम, एम 30, चार बार 16 मिलिमीटरचे, सूत्रात घातलास तर हजाराच्या वर देतो. म्हणजे नुसतं ओझं पेलायला नऊ इंच भरपूर आहे. गवंड्याने आयुष्यभर नऊ इंची कॉलम उभे केले आणि एकही खाली बसला नाही, हे तो खरंच सांगतोय.

मामांचं पुस्तकही खरं बोलतंय. 13920 ची पहिली आवृत्ती 1993 ची. त्यात कॉलमची कमीत कमी बाजू 200 मिलिमीटर होती, आणि बीम 5 मीटरपेक्षा लांब किंवा कॉलम 4 मीटरपेक्षा उंच असेल तरच 300 सांगितलं होतं. घरगुती खोल्या तीन-चार मीटरच्या, म्हणून 230 सुखाने बसायचा. भिंत नऊ इंची, कॉलम नऊ इंची, आत कोपरा दिसत नाही, कपाट भिंतीला टेकतं. सगळे खूश.

2016 च्या आवृत्तीने ही सवलत काढली. तिच्या मूळ मजकुरात कॉलमची बाजू 300 पेक्षा कमी नको, आणि त्या सांध्यात येणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड बारच्या 20 पटीपेक्षाही कमी नको. आता हे नीट वाच. तुझ्या बीममध्ये 16 चा बार असेल तर 20 पट म्हणजे 320. 300 करूनही तू नापास! 12 चेच बार ठेवलेस तर 240, मग 300 पुरतो. तुमच्या ऑफिसात '300 च्या खाली जायचं नाही' एवढंच म्हणत असतील तर तेही अर्धंच सांगतायत. त्यावर दुरुस्तीपत्रकं निघत असतात, ती लावूनच वाच.

हे 20 पट कशासाठी? भूकंपात इमारत डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते. बीमचा वरचा बार कॉलमच्या एका बाजूला ओढला जातो आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला दाबला जातो. कॉलमच्या त्या रुंदीत काँक्रीटने त्याला घट्ट धरून ठेवायचं असतं. रुंदी अपुरी असेल तर बार सांध्यातून सुरीसारखा सरकतो, आणि मग तुझं ईटॅब्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) ज्याला पक्का सांधा म्हणत होतं तो बिजागरी होतो. म्हणजे 300 हा आकडा ओझ्यासाठी नाही, पकडीसाठी आहे. गवंड्याला हे सांग, तो ऐकेल. 'कोडात लिहिलंय' म्हणालास तर नाही ऐकणार.

भूकंपाच्या कोडच्या, म्हणजे 1893 च्या, 2016 च्या आवृत्तीत कोकण झोन तीन किंवा चारमध्ये येतं, आणि झोन तीनपासून 13920 लागतोच. कोयना काही लांब नाही. ट्रंकेत त्याच 1893 नंबरच्या कोडची 1984 ची प्रत निघाली तर तिचा नकाशा मुद्दाम उघडून बघ. लातूरचा भाग झोन एकमध्ये दिसेल, सगळ्यांत सुरक्षित. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत काय झालं ते तू पुस्तकात वाचलं असशील, मी बातम्यांत बघितलं. 2002 मध्ये झोन एक नकाशातूनच काढून टाकला, आणि किल्लारी तीनमध्ये गेली. जुनं पुस्तक लिहिणाऱ्याने त्या काळचा नकाशा खरा मानून उदाहरण सोडवलं, त्यात त्याची चूक नव्हती.

कॉलम ठरला की रिंगेच्या हुकाकडे बघ. रिंगेची टोकं 135 अंशात आत वळली पाहिजेत आणि वळल्यापुढे बारच्या सहापट, पण किमान 65 मिलिमीटर जायला हवीत. 8 ची रिंग असेल तर सहापट 48, म्हणून 65 लागू. फिटर 90 अंशातच सोडतो, कारण तशी रिंग वरून पटकन सरकवता येते. कॉलम भरायच्या आदल्या दिवशी स्वतः जा, बोट घालून बघ. हे काम पुस्तकातून होत नाही.

तुझ्या पाच हजारांकडे यायच्या आधी माझी एक फजिती सांगते, कारण 11 जीबीतल्या परदेशी पुस्तकांबद्दल माझा जो कटाक्ष आहे तो तिथून आलाय. 1988 साली कोल्हापुरात एका ऑफिसात मी नवीन होते. कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेलं एक देखणं अमेरिकन पुस्तक माझ्याकडे होतं, जाड कागद, सुंदर आकृत्या. आपल्या पुस्तकांपुढे ते राजासारखं दिसायचं. त्यातलं कॉलमचं सूत्र मी उचललं आणि एम 15 चे 15 त्यात घातले. त्या काळच्या त्यांच्या गुणकांनी काँक्रीटच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला 7.1 न्यूटन आले. आपल्या कोडने 6 येतात. जवळजवळ एकोणीस टक्के फुकटचे! मला वाटलं, बघा, अमेरिकन पद्धतीने किती काटकसर होते. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, 'हे 15 कशाचे? ठोकळ्याचे की नळकांड्याचे?'

मला प्रश्नच कळला नाही. आपल्याकडे काँक्रीटची ताकद 150 मिलिमीटरच्या घनावर मोजतात, त्यांच्याकडे नळकांड्यावर. तेच काँक्रीट नळकांड्यात घातलं की आकडा साधारण आठ दशांश येतो. म्हणजे मी 12 घालायला हवे होते, आणि मग उत्तर 5.7 आलं असतं, आपल्या 6 पेक्षाही कमी. वर त्यांचे ओझ्याचे गुणक वेगळे, आपले वेगळे, आणि मी सूत्र त्यांचं घेऊन ओझं आपल्या दीडपटीने वाढवलं होतं. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. साहेबांनी तो कागद फाडला नाही, माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. सहा महिने रोज दिसत होता.

म्हणून परदेशी पुस्तक समजून घेण्यासाठी जरूर वाच, आकडा उचलण्यासाठी नको. उचलायचाच असेल तर सगळं एकाच घरातून उचल: ताकद, ओझं, गुणक.

11 जीबीचं काय करायचं? काही नाही. एक फोल्डर उघड, त्यात किती 456 आहेत ते मोज. माझ्या एका ट्रेनीकडे चार निघाले होते, एकात मधली सहा पानंच नव्हती, एकात स्कॅन करताना दशांश चिन्ह उडालं होतं आणि 0.48 चे 048 दिसत होते. कोडसाठी कोणाच्या पेन ड्राइव्हची गरजच उरलेली नाही. ब्यूरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलंस की भारतीय मानकं फुकट उतरवता येतात, दुरुस्तीपत्रकांसकट. तिथून 456, 13920, 1893 चा पहिला भाग, ओझ्यांसाठी 875 चे भाग आणि काँक्रीटच्या मिक्ससाठी 10262 घे. 875 चा वाऱ्याचा तिसरा भाग 2015 चा आहे, पहिले दोन 1987 चे, तेव्हा पाचही भाग एकाच सालचे समजू नकोस. उतरवतानाच कुठली आवृत्ती चालू आहे तेही तिथेच बघ, माझ्या लेखातल्या सालांवर विसंबू नकोस.

आणि मग खर्च कर तो छपाईवर. 456 शंभरेक पानांचा आहे. दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल बाइंडिंग कर. दुरुस्तीपत्रकं कात्रीने कापून त्या त्या कलमाशेजारी डिंकाने चिकटव. आमच्या वेळी पावसाळ्यात प्रत्येक ऑफिसात हे काम ज्युनियरला द्यायचे, आणि मला ते हमालीचं वाटायचं. नंतर कळलं की कोड मला पाठ झाला तो त्या डिंकामुळे. कुठलं कलम डाव्या पानावर खाली आहे, हे हाताला कळायला लागतं. स्क्रीनवर ते होत नाही. निदान माझं तरी नाही झालं.

राहिलेल्या पैशांत दोनच पुस्तकं घे. पहिलं पुण्याच्याच डॉ. शहा आणि डॉ. कर्वे यांचं, ज्यात तळमजला अधिक तीनच्या इमारतीचं डिझाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत केलंय: 'इलस्ट्रेटेड डिझाइन ऑफ रीइन्फोर्स्ड काँक्रीट बिल्डिंग्ज'. बाकीची पुस्तकं तुला एक बीम देतात, एक स्लॅब देतात, पण स्लॅबचं ओझं बीमवर, बीमचं कॉलमवर आणि तिथून फुटिंगवर कसं उतरतं, ड्रॉइंगवर त्याला नंबर कसे द्यायचे, हे ऑफिसातलं रोजचं काम त्यात आहे. घेताना शेवटची आवृत्तीच माग. दुसरं पिल्लई आणि मेनन यांचं 'रीइन्फोर्स्ड काँक्रीट डिझाइन'. कोडमध्ये अमुक असं का, याचं उत्तर मी अजूनही आधी तिथे शोधते. अप्पा बळवंत चौकात दोन्ही मिळतील, जुनी प्रत पण चालेल, फक्त दुकानातच उभ्या उभ्या कोडचं साल तपास. स्टीलची शेड तुझ्या ऑफिसात येते का? नसेल तर स्टीलचं पुस्तक आत्ता नको. पुलांची तर मुळीच नकोत.

उरले तर लांब जाड वही घे. प्रत्येक आकड्यापुढे कलम नंबर आणि कोडचं साल लिहायचं, त्याशिवाय आकडा लिहायचाच नाही. नाहीतर वीस वर्षांनी तुझा भाचा 'लॅप 45 डी' वाचून बुचकळ्यात पडेल.

'अजून बघून करतोस?' याचं काय करायचं? कोल्हापूरचे ते साहेब, चष्मेवाले, त्यांना काँक्रीटच्या कातर ताकदीचा तक्ता (आजच्या 456 मधला तक्ता 19) तोंडपाठ होता. एम 20, अर्धा टक्का स्टील, 0.48. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि तरीही दर वेळी कोड उघडून, त्या ओळीवर बोट ठेवून, मगच आकडा लिहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, 'पाठ आहे म्हणूनच बघतो. ज्याला पाठ नसतं तो बघतोच की.' तुझ्या शेजाऱ्याला हे ऐकवू नकोस, उगाच वाद होईल. सूत्रं आणि कारणं डोक्यात हवीत, 432 किलोन्यूटनसारखे ढोबळ हिशेब तर चहा पिता पिता यायला हवेत, कारण ईटॅब्सने 4320 दाखवले तर तुला दचकायला आलं पाहिजे. तक्ते मात्र बघूनच भरायचे. त्याला विचार बरं सहज, त्याच्या मॉडेलमध्ये 13920 कुठल्या सालचा निवडलाय. पडताळून बघायला तोही कोडच उघडेल.

गुहागरचं डिझाइन तू कर, पण सही तुझ्या साहेबांची किंवा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची घे, आणि फीसुद्धा दे. घरचं काम म्हणून फुकट मागू नकोस. पाया खणला की जांभा किती खोलीवर लागतो ते स्वतः बघितल्याशिवाय फुटिंग कायम करू नकोस. बाबांना कपाटाची काळजी असेल तर बाहेर आलेली 70 मिलिमीटर भिंतीच्या बाहेरच्या बाजूला ने, आतला कोपरा सपाट राहील.

मामांच्या वहीबद्दल तू फक्त एक शब्द लिहिलास. ती झेरॉक्स कर, कलर झेरॉक्स, कारण खात्यातली माणसं लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा करायची आणि काळ्या-पांढऱ्यात त्या जातात. झेरॉक्स तू ठेव. मूळ वही चतुर्थीला घरी जाशील तेव्हा मामींना परत दे. ट्रंक देताना ती आत राहिलीय हे त्यांच्या लक्षात आलं नसेल.

— ताई